हॅण्डलचा ओढा : कर्ली खाडीतल्या एका होडीच्या नोंदी

14 ऑक्टोबर 2024

काकांच्या होडीचे काम आजपासून हातात घेतले. होडी फायबरची, 22 फुटी. मागच्या फळीवर 40 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन आहे आणि सुकाणू म्हणून मशीनचेच हॅण्डल वापरले जाते. मालवणजवळच्या देवबागच्या खाडीकाठावरून ती पर्यटकांना घेऊन संगमावर, त्सुनामी बेटावर आणि सकाळच्या वेळी डॉल्फिन पाहायला बाहेर जाते. काकांची तक्रार डाव्या खांद्याची आहे. ते मशीनच्या पुढ्यात, होडीच्या उजव्या कडेला बसतात आणि हॅण्डल डाव्या हातात धरतात. दिवसाला सहा-सात फेऱ्या झाल्या की रात्री तो हात डोक्यापर्यंत वर जात नाही. "मशीन जड झालाहा," एवढेच त्यांचे निदान.

जड म्हणजे किती, हे आकड्यात कळल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही असे ठरवले. मासळी तोलायचा लटकता काटा घरात होताच. हॅण्डलच्या टोकाला सुतळी बांधली, काट्याचा आकडा सुतळीत अडकवला आणि हॅण्डलशी काटकोन ठेवून ओढले. मशीन ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे फिरते, तिथपासून सुतळीपर्यंतचे अंतर 68 सेंटीमीटर भरले. त्यामुळे काट्यावरचा 1 किलो म्हणजे साधारण 6.7 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे कार्यशाळेत आम्ही ज्याला टॉर्क म्हणतो तो. पुढे सगळीकडे किलोतच लिहितो, कारण काकांना किलो कळतात.

होडी पुळणीवर, मशीन बंद, हॅण्डलवरचा घर्षणाचा खटका पूर्ण सैल : हॅण्डल हलवायला 5.5 किलो. पाण्यात, खाडीच्या सरळ पट्ट्यात, मोबाइलवर ताशी 28 किलोमीटरचा वेग दिसत असताना हॅण्डल काकांच्या अंगाकडे आणायला 12.5 किलो. दिवसभर हे करणाऱ्या बासष्ट वर्षांच्या माणसाचा खांदा दुखेल नाही तर काय.

18 ऑक्टोबर

जमिनीवरच 5.5 किलो लागतात, म्हणजे खिळीत जाम आहे, हे उघड होते. म्हणून तिथूनच सुरुवात केली. खिळीच्या नळीला ग्रीस भरायची दोन निपले आहेत. वरच्या निपलात ग्रीस गन लावली तर ग्रीस आत न जाता बाजूनेच फुटून बाहेर येई, आणि खालचे निपल इतके गंजले होते की पाना लावताच तुटले. तुटलेला भाग उलट्या आट्याच्या टॅपने काढून कुडाळहून आणलेले नवे निपल बसवले.

आतले जुने ग्रीस वाळून साबणाच्या वडीसारखे झाले होते आणि त्यात मिठाचे पांढरे कण होते. पावसाळ्यात चार महिने होडी झापांखाली होती, तेव्हा कोणी हॅण्डल एकदाही फिरवले नसावे. शेजारच्या एकाने ब्लोलॅम्पने तापवायला सांगितले. ते मी ऐकले नाही, कारण नळीत नायलॉनच्या बुशा असतात आणि त्या एकदा वितळल्या की मशीन पूर्ण उतरवावे लागते. त्याऐवजी नळीवर पोते गुंडाळून उकळते पाणी ओतले, मग डिझेल आणि पातळ तेल सोडले, हॅण्डल दोघांनी मिळून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवले आणि पुन्हा पाणी ओतले. हे दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या फटीतून आधी काळा, मग करडा आणि शेवटी स्वच्छ निळा ग्रीस बाहेर आला, तेव्हा थांबलो.

जमिनीवर आता 1.2 किलो. एका बोटाने हॅण्डल फिरते.

21 ऑक्टोबर

सकाळी साडेसहाला, वारा उठण्याआधी, खाडीत फेरी मारली. तोच वेग, तीच सुतळी : हॅण्डल अंगाकडे आणायला 8.2 किलो, म्हणजे आधीपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक फरक. मी मनातल्या मनात काम संपवून टाकले होते. काकांनी मात्र अर्धा तास होडी चालवली आणि किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, "आधी हलत नाय होता, आता थांबत नाय." त्यांचा हात आधीपेक्षा जास्त दुखत होता.

मला ते पटले नाही, आणि काट्यावरचा आकडा त्यांना दोनदा दाखवण्याचा मूर्खपणाही मी केला.

24 ऑक्टोबर

काकांचे बरोबर होते आणि माझे मोजमाप अर्धवट होते. हॅण्डल अंगाकडे आणायला लागणारा जोर मी मोजला. पण सरळ रेषेत जाताना चालवणारा हॅण्डल आणत नसतो, नुसते धरून ठेवत असतो. धरायला किती जोर लागतो हे मी पाहिलेच नव्हते.

आज दोन्ही मोजले. सुतळी हळूहळू ताणत गेलो आणि हॅण्डल आमच्याकडे सरकू लागले तेव्हाचा आकडा घेतला : 8.2. मग हळूहळू सैल करत गेलो आणि हॅण्डल आमच्यापासून दूर, डावीकडे निसटू लागले तेव्हाचा आकडा घेतला : 5.8. या दोन आकड्यांची सरासरी म्हणजे पाणी आणि पंखा (प्रोपेलर) मिळून मशीनला जो ओढा देतात तो, आणि दोघांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे खिळीतला जाम. ओढा 7 किलो, जाम 1.2 किलो. जमिनीवरचा आकडाही 1.2 होता, त्यामुळे हिशेब जुळतो याची खात्री पटली.

आता हेच गणित 14 तारखेला लावून पाहिले. तेव्हा जाम 5.5 होता, आणायला 12.5 लागत होते, म्हणजे ओढा तेव्हाही 7 किलोच होता. पण धरून ठेवायला? 7 वजा 5.5, फक्त दीड किलो. गंजलेली खिळच हॅण्डल धरून बसली होती आणि काकांना वळण घेतानाच तेवढा त्रास होता. मी ती खिळ मोकळी केली आणि तिने उचललेला भार त्यांच्या खांद्यावर टाकला. आता सरळ जातानाही त्यांना जवळजवळ सहा किलो सतत ओढून धरावे लागतात.

म्हणून "जड स्टेअरिंग" या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी आहेत. जाम दोन्ही दिशांना सारखाच अडवतो. ओढा एकाच दिशेला नेतो. जामावर औषध ग्रीस. ओढ्यावर ग्रीसचा काही उपयोग नाही.

मोजताना घेतलेली काळजी लिहून ठेवतो. हॅण्डल मुद्दाम सैल सोडायचे असल्यामुळे होडीत प्रवासी नव्हते, दोघांच्याही अंगात जॅकेट होते आणि मशीन बंद करणारी लाल दोरी काकांच्या मनगटाला होती. एवढा ओढा असलेले हॅण्डल वेगात हातून सुटले तर मशीन एका कडेला जाऊन आदळते, होडी जागच्या जागी गरकन फिरते, माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच होडी गोल फिरून त्याच्यावर येते. ही दोरी आमच्याकडे बहुतेकांच्या मशीनला नुसती लटकत असते. काकांचीही तशीच होती.

28 ऑक्टोबर

ओढा येतो कुठून? आमच्या मशीनचा पंखा मागून पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणजे त्याची पाती उजव्या बाजूने खाली उतरतात आणि डाव्या बाजूने वर चढतात. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाशी समांतर असेल तर दोन्ही बाजूंना काम सारखे वाटले जाते. पण मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग, कमी-जास्त उचलला की दांडा तिरका होतो, एका बाजूच्या पात्याला पाणी जास्त कोनात भेटते आणि दुसऱ्या बाजूच्या पात्याला कमी कोनात. आमच्या होडीत उजव्या बाजूचा रेटा जास्त पडत असावा, म्हणून रेट्याचे केंद्र खिळीच्या रेषेपासून उजवीकडे सरकते आणि सगळा पाय वळू पाहतो : पंखा उजवीकडे, त्याबरोबर होडी उजवीकडे, आणि खिळीच्या पुढे असलेले हॅण्डल साहजिकच डावीकडे, काकांच्या अंगापासून दूर. 

म्हणून आज पाय किती उचललेला आहे ते पाहिले. मशीन ज्या आडव्या पिनेवर टेकते तिच्यासाठी पाच भोके आहेत. पिन फळीपासून चौथ्या भोकात होती. पुढे प्रवासी बसले की नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली जाते आणि पाणी अंगावर उडते, म्हणून गेल्या वर्षी काकांनीच ती तिथे नेली होती.

तिसऱ्या भोकात : आणायला 5.8, सोडायला 3.4, म्हणजे ओढा 4.6. दुसऱ्या भोकात : ओढा 2.4, पण नाळ पाण्यात रुतून होडी पुढच्या टोकाने डावी-उजवीकडे भटकू लागली आणि वेग 28 वरून 24 वर आला. एवढ्या रिकाम्या होडीची ही गत, तर माणसे बसल्यावर काय होईल याचा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. पिन तिसऱ्या भोकात ठेवली. नाळ हलकी राहावी म्हणून पुढचे बाक एक वीत मागे घेतले आणि नांगराची साखळी नाळेतून काढून मधोमध आणली.

3 नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. होडी दिवसभर पाण्यात. काम नाही.

11 नोव्हेंबर

पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्या खाली, अगदी मागच्या बाजूला, छोट्या माशाच्या शेपटीसारखा एक कल्ला असायला हवा. ट्रिम टॅब म्हणतात त्याला. तो जस्ताचा असतो आणि दोन कामे करतो : खाऱ्या पाण्यात स्वतः झिजून मशीनचा पाय वाचवतो, आणि पंख्याच्या धारेत उभा राहून छोट्या सुकाणूसारखा पायाला उलट दिशेने ढकलतो. काकांच्या मशीनला त्या जागी जस्ताची नुसती सपाट वडी होती. मागच्या वेळी कल्ल्याचा तुकडा मिळाला नाही म्हणून कोणी तरी ती बसवली असणार. झीज थांबवायचे काम ती करत होती, दुसरे काम मात्र कोणीच करत नव्हते. किती वर्षे, कोण जाणे.

नवा कल्ला आणला. बसायची जागा तारेच्या ब्रशने घासून धातू उघडा केला, नाही तर जस्ताचा पायाशी विजेचा संपर्क होत नाही. आणि कल्ल्याला रंग लावला नाही, कारण रंगवलेले जस्त झिजत नाही, म्हणजे वाचवतही नाही. बोल्ट आवळण्याआधी पट्टीवर खिळ्याने मधली रेघ आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांच्या खुणा ओढल्या.

आधी सरळ ठेवून मोजले : ओढा 4.4. मग मी कल्ल्याचे शेपूट डावीकडे दहा अंश वळवले, कारण हॅण्डल डावीकडे पळते. ओढा 6.9! होडी किनाऱ्याला लावेपर्यंत काका काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्यालाही एक वजन असते आणि ते काट्यावर येत नाही.

12 नोव्हेंबर

चूक रात्री लक्षात आली. हॅण्डल कोणत्या बाजूला जाते हे पाहायचेच नसते. होडी कोणत्या बाजूला जाते ते पाहायचे. होडी उजवीकडे ओढत असेल तर कल्ल्याचे शेपूट, मागून पाहताना, उजवीकडेच वळवायचे. प्रथम ऐकताना हे उलटे वाटते. पण कल्ल्याचे शेपूट उजवीकडे गेले की धार त्याच्या उजव्या अंगावर आदळते आणि पायाचा मागचा भाग डावीकडे रेटते. आणि आम्हाला पाय डावीकडेच परत आणायचा आहे. चाकाचे स्टेअरिंग असलेल्या होडीत हा घोळ होत नाही, कारण चाक आणि होडी एकाच बाजूला वळतात. हॅण्डलच्या होडीत मात्र हाताची बाजू आणि होडीची बाजू कायम विरुद्ध असतात आणि माझ्यासारखा लेथवरचा माणूस तिथे हमखास फसतो.

उजवीकडे दहा अंश : ओढा 2.0. पंधरा अंश : हॅण्डल आणायला 2.1 किलो लागले आणि सोडताना काटा शून्यावर येऊन सुतळी लोंबू लागली, तरी हॅण्डल निसटेना. दुसऱ्या बाजूने ओढले तेव्हा 0.4 किलोला ते सरकले. म्हणजे सोडायचा आकडा उणे 0.4, ओढा 0.85 आणि जाम 1.25. ओढा जामापेक्षा कमी झाला की हॅण्डल जिथे ठेवाल तिथे राहते. या होडीत ते पहिल्यांदाच राहिले. काकांनी हात वर उचलला, दोन्ही तळवे मला दाखवले आणि पुन्हा हॅण्डल धरले.

20 नोव्हेंबर

मतदानामुळे कार्यशाळेला सुट्टी. मत देऊन थेट देवबागला आलो आणि ओहोटीला होडी कोरडी असताना मशीनची उंची तपासली. होडीच्या तळाला सरळ पट्टी लावून मागे नेली, तर पंख्यावरची आडवी पट्टी तळापासून 55 मिलिमीटर खाली होती. ती तळाच्या रेषेत किंवा फार तर 25 मिलिमीटर खाली असावी, असा साधारण नियम आहे. पाय गरजेपेक्षा खोल असला की पाण्यात ओढला जाणारा भाग वाढतो आणि वळवतानाही जास्त पाणी बाजूला सारावे लागते.

फळीच्या माथ्यावर 30 मिलिमीटरची सागवानी पट्टी घालून मशीन वर घेतले. वेग ताशी एक किलोमीटरने वाढला, पण ओढा 0.85 वरून 1.9 वर गेला, आणि जोरात वळण घेताच पंखा हवा ओढून नुसता किंचाळू लागला. मला वाटते, वर आल्यामुळे कल्ल्याभोवती फेस येतो आणि फेसात त्याला धार मिळत नाही. पट्टी रंधून 15 मिलिमीटरची केली : ओढा 1.0, वळणात किंचाळणे बंद, थंडाव्याच्या पाण्याची धार पहिल्यासारखी जाड. असेच ठेवले. मशीन नुसत्या स्क्रू-क्लॅम्पवर न सोडता फळीतून आरपार जाणारे बोल्ट नव्या उंचीला पुन्हा पाडले आणि जुनी भोके रेझिनने भरली. क्लॅम्प कितीही आवळले तरी थरथरीने सैल होतात.

26 नोव्हेंबर

चुलतभावाने हॅण्डलला 40 सेंटीमीटर नळी जोडून आणली. तरफेचा नियम त्याने बरोबर लावला होता : भुजा 68 वरून 108 झाली की हाताला लागणारा जोर जवळजवळ दोन तृतीयांशावर येतो. पण पीळ तेवढाच राहतो, आणि हात मात्र त्याच प्रमाणात जास्त फिरवावा लागतो. जेटीला होडी लावताना काकांना हॅण्डल कडेपर्यंत न्यायला जागेवरून उठावे लागले, आणि नळीवरून थ्रॉटल फिरवताना मूठ घसरली. ओढा मूळचा 7 किलो असता तर कदाचित ठेवली असती. आता गरज नाही. नळी काढली. ती सध्या वल्ह्याच्या दुरुस्तीला वापरली आहे.

9 डिसेंबर

आतापर्यंतचे सगळे आकडे रिकाम्या होडीचे होते. आज आठ प्रवाशांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी बाकांवर ठेवून मोजले. ताशी 22 किलोमीटरला आणायला 2.6, सोडायला 0.2, म्हणजे ओढा 1.4. जड होडी मागे बसते आणि नाळ वर उचलली जाते, त्यामुळे पंख्याचा दांडा पाण्याशी पुन्हा थोडा तिरका होतो. ओढा वाढण्याचे हेच कारण असणार. ताशी 12 किलोमीटरला, होडी रिकामी असो की भरलेली, काटा जामाच्या पलीकडे काही दाखवतच नाही.

कल्ल्याचा कोन एका वेगाला आणि एका बैठकीलाच अचूक बसतो, बाकीच्या वेळी तो जवळपास असतो. काकांचा बहुतेक दिवस भरलेल्या होडीतच जातो, म्हणून रिकाम्या होडीसाठी ठरवलेला पंधरा अंशांचा कोन आणखी तीन अंशांनी वाढवला. भरलेली : ओढा 0.7. रिकामी : ओढा जवळजवळ नाही, वेग पूर्ण असताना होडी किंचित डावीकडे. घर्षणाचा खटका आता एक पाव वळण आवळला आहे, तेवढ्याने मोबाइल खिशातून काढेपर्यंत हॅण्डल जागेवर राहते.

30 डिसेंबर

नाताळाची गर्दी ओसरल्यावर होडी वर काढली. काकांचा हात डोक्यापर्यंत जातो; खांदा अजून दुखतो, पण तो जुना दुखावा आहे असे तेच म्हणतात. जमिनीवर जाम 1.3. ग्रीस दर महिन्याला भरायचे आणि भरल्यावर हॅण्डल दोन्ही कडांपर्यंत वीस वेळा फिरवायचे, असे पत्र्याच्या डब्यावर लिहून ठेवले.

कल्ला व्हर्नियरने मोजला. सात आठवड्यांत त्याची मागची कड 1.5 मिलिमीटर झिजली आहे आणि टोक गोल होऊ लागले आहे. जस्त आहे, झिजणारच. पण तो जसा झिजेल तसा ओढा पुन्हा गुपचूप वाढत जाईल, आणि मग कोणाला तरी वाटेल की मशीन जड झाले. दुसरा कल्ला आजच मागवला. काटा आणि सुतळी होडीतच, नांगराच्या साखळीशेजारी ठेवली आहे.